खानेसुमारीत न बसणारी माणसे

लोकसंख्या मोजण्याच्या कामाला आपल्या जुन्या भाषेत खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. मोजायची ती घरे. माणसे त्यांच्या पोटात आलीच, असा त्या शब्दाचा सरळ हिशेब आहे. पुढे शिरगणती आली, मग जनगणना आली. शब्द पालटले, पण रीत फारशी पालटली नाही. आजही आधी घरांची यादी होते, तिला क्रमांक पडतात आणि काही महिन्यांनी त्या क्रमांकांच्या दारांवर प्रगणक थाप मारतो. ज्याला दारच नाही त्याच्यासाठी काय करावे, हा प्रश्न प्रत्येक वेळी उरतो.

सरकारने त्याचे उत्तर एका रात्रीत शोधले आहे. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीची रात्र या लोकांसाठी राखून ठेवली होती. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, उड्डाणपुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या उघड्या आवारात, आगगाडीच्या फलाटावर जो रात्र काढतो तो बेघर, अशी व्याख्या होती. तिच्याप्रमाणे देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे भरली. त्याआधी, २००१ मध्ये, ती १९ लाख ४३ हजार होती. एकूण आकडा उतरला म्हणून समाधान मानावे, तर शहरांतला आकडा ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर चढला होता. खेड्यांनी आपले ओझे शहरांच्या पदपथांवर उतरवले असावे, असा आमचा तर्क आहे. आकडे स्वतः तसे सांगत नाहीत. २०२१ ची गणना लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ चा प्रारंभक्षण हा पुढील गणनेचा संदर्भ ठरवला आहे.

आपल्याकडे हे काम बहुतेक शिक्षकांच्या व सरकारी नोकरांच्या माथी येते. परदेशांत पुष्कळ ठिकाणी ते स्वखुशीने येणाऱ्या नागरिकांकडून होते. अमेरिकेत जानेवारीच्या अखेरच्या दिवसांत, पॅरिसमध्ये २०१८ पासून हिवाळ्यातल्या एका रात्री, कारकून, विद्यार्थी, पेन्शनर हातात नकाशे घेऊन रस्तोरस्ती फिरतात. उद्या असेच बोलावणे आम्हा बसवनगुडीकरांना आले, तर जावे की न जावे? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. रात्री दोन तास हिंडायचे, उघड्यावर निजलेल्याची नोंद करायची आणि घरी येऊन उबदार अंथरुणात शिरायचे, यात धर्म कोणता? आपल्या घरांत जेवणाऱ्याच्या पोळ्या मोजू नयेत अशी शिकवण असते. मोजणे हे मालमत्तेचे काम. ते माणसाच्या बाबतीत केले की कोठेतरी अवमान होतो, अशी जुन्या लोकांची समजूत होती. ती आम्हाला अगदी टाकाऊ वाटत नाही. ज्याला द्यायला हाती काही नाही त्याने निदान मोजू तरी नये, असे म्हणणाऱ्या माणसाचे मन कोते नसते.

तथापि याला एक फार कठीण उत्तर मुंबईने दिलेले आहे. जुलै १९८१ मध्ये तेथील पदपथांवरील झोपड्या उठवण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि ते प्रकरण ऑल्गा टेलिस खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. निकाल १० जुलै १९८५ चा. सरन्यायाधीशांच्या आसनावर आपले यशवंतराव चंद्रचूड होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे या निकालातले तत्त्व सर्वांच्या तोंडी असते. त्याच निकालात पुढे जे आहे, ते क्वचितच कोणी सांगतो. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मानला नाही. मात्र १९७६ च्या गणनेत ज्या पदपथवासीयांची नोंद झाली होती, किंवा योगायोगाने झाली होती, त्यांना मालवणीला अथवा अन्य सोईच्या ठिकाणी पर्यायी जागा द्यावी, असे सांगितले. तीही उठवण्याआधीच दिली पाहिजे असे नाही. त्या ‘योगायोगाने’ या शब्दापाशी आम्ही थबकतो. एकाच पदपथावर शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी एकाची नोंद झाली, कारण त्या दिवशी ते घरी, म्हणजे आपल्या फाटक्या ताडपत्रीखाली, होते. दुसरे मजुरीवर गेले होते. नऊ वर्षांनी पहिल्याला जागेचा दावा मिळाला आणि दुसऱ्याला मिळाला नाही. प्रगणकाचा कंटाळा, त्याची घाई, त्याचे नाक मुरडणे, हे सारे एका माणसाच्या हक्काचे रूप धरून नऊ वर्षांनी परत आले. मोजणे हा अवमान असेल. पण मोजल्याविना राहणे हा त्याहून मोठा अवमान होऊ शकतो.

आणि कोण मोजतो यालाही महत्त्व आहेच. दिल्लीत २००० साली आश्रय अधिकार अभियान या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रात्री फिरून बावन्न हजारांहून अधिक उघड्यावरची माणसे मोजली. लगेच पुढच्या वर्षीच्या जनगणनेत त्याच शहरात ती सुमारे पंचवीस हजार भरली. कोणी खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. दोन गणना दोन पद्धतींच्या होत्या. शिवाय जो ज्या गल्लीत वळतो, त्याला त्या गल्लीतली माणसे दिसतात. न्यूयॉर्कमध्ये तर मोजणाऱ्यांची पारख करण्यासाठी काही स्वयंसेवकांना बेघरांच्या जागी मुद्दाम बसवून ठेवतात, आणि त्यांतले किती जण नजरेतून सुटले यावरून खरे बेघर किती सुटले असतील याचा अंदाज बांधतात. युक्ती हुशारीची आहे. ज्याला घर आहे असा माणूस रस्त्यावर बसला, तरी शेजारून जाणाऱ्याला तो दिसत नाही, हे तिच्यातून सिद्ध होते.

येथे बसवनगुडीतले उदाहरण घेऊ. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरते. खेड्यांतून आलेला विक्रेता आपल्या पोत्याला टेकून रस्त्याकडेला रात्र काढतो. त्याच दिव्याच्या उजेडात, दहा पावलांवर, दुसरा एक जण पोत्याविना निजला आहे. व्याख्येला दोघे सारखे दिसतील. फरक कळायला उठवून विचारावे लागते. आणि विचारले तर तोही बहुधा सांगेल, ‘गाव आहे, घर आहे.’ आपल्या मराठीत घर आणि बिऱ्हाड हे दोन शब्द निरनिराळे आहेत, हे आमच्या वाचकांना तरी समजावून सांगायला नको. आमचे बिऱ्हाड गांधी बाजाराच्या मागे, घर वाईला किंवा राजापूरला. तीस वर्षे झाली, बदल्या झाल्या, मुले कानडी शाळांत शिकली, तरी वाक्य तेच. निजलेल्या त्या माणसाला घर आहे. नाही ते बिऱ्हाड. २०११ च्या पत्रकात २९ प्रश्न होते. त्यांत जन्मस्थान, मागचे राहण्याचे ठिकाण, ते सोडण्याचे कारण आणि सोडून किती वर्षे झाली, हे रकाने होते. त्या चार रकान्यांत आमची आणि त्याची उत्तरे पुष्कळ ठिकाणी जुळतील. कारणापुढे दोघेही ‘काम’ म्हणतील.

मग त्याला उठवावे काय? परदेशांत अनेक ठिकाणी स्वयंसेवकाला बजावलेले असते की, निजलेल्यास उठवू नये. पाहून अंदाजाने नोंद करावी. यात दया आहे. पण उठवले नाही तर कागदावर पडतो तो नुसता एक. नाव नाही, वय अदमासाचे. आमचे मत असे की, उठवावे, परंतु उभ्याने आणि डोळ्यांवर विजेरी मारून नव्हे. शेजारी बसावे. तो मोटारीच्या आवाजाने नव्हे, माणसाच्या आवाजाने जागा व्हावा. आणि त्याला कानडी येत नसेल, तेलुगू, तमिळ, उर्दू, हिंदी किंवा मराठी येत असेल, तर त्या भाषेचा माणूस बरोबर न्यावा. येथे आम्हा परप्रांतीयांचा थोडा उपयोग आहे.

त्याला वाटणारी भीती खोटी नाही. १९५९ च्या मुंबईच्या भीकप्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी तो भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत वावरणारा माणूसही भिकारी ठरू शकतो. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, त्या शहरापुरत्या, या कायद्याच्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. कर्नाटकाचा असाच कायदा १९७५ चा. रात्री कागद घेऊन आलेला माणूस आपल्याला गाडीत घालून नेणार, असे ज्याला वाटते, त्याला आपण काय सांगणार? जनगणनेच्या १९४८ च्या कायद्यातले पंधरावे कलम सांगता येईल: या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि त्या कायद्याखालचा खटला सोडला तर पुरावा म्हणून त्या चालत नाहीत. ते खरे असून पुरेसे नाही. कलमावर त्याने विश्वास ठेवायचा तो सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून. बुल टेंपल रस्त्यावर डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये गोखल्यांच्या नावाने सार्वजनिक व्यवहारांची संस्था काढली. सार्वजनिक जीवन अध्यात्ममय व्हावे, हा गोपाळरावांचा आग्रह होता. कानडी विद्वानाला तो आपलासा वाटला, याचा आम्हा मराठी माणसांना अभिमान वाटतो. त्या आग्रहाचा अर्थ सभेत कळत नसेल तर तो अशा रात्री, पायरीवर बसून, कळण्याचा संभव आहे.

त्याच कायद्याच्या आठव्या कलमात एक सवलत आहे. कुटुंबातल्या स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती कोणावर नाही. आणि स्त्रीने नवऱ्याचे, किंवा रूढीने जे उच्चारू नये असे कोणतेही नाव, सांगितलेच पाहिजे असे नाही. १९४८ साली घराघरांतली लाज जाणून कायदा करणाऱ्यांनी ती घातली. पदपथावर, दोन मुलांना पाठीशी घेऊन निजलेल्या बाईला ती सवलत आहे हे प्रगणकाने आधी सांगावे, मग पुढचा रकाना विचारावा.