खोबरेल गोठलं की

पौषातल्या सकाळी आमच्या गडब गावात थंडी किती पडली आहे, हे मोबाइलमध्ये बघावं लागत नाही. न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली उलटी करायची. तेल जागचं हललं नाही की समजायचं, घरातला पारा २४ अंशांच्या खाली उतरला आहे. त्या दिवशी गाडीच्या मेणाचा डबाही थिजलेला असणार, हे झाकण न काढताच कळतं.

आमच्याकडे गाडीला मेण लावणं ही हौस नाही, गरज आहे. एका अंगाला धरमतरची खाडी, दुसऱ्या अंगाला मुंबई-गोवा महामार्ग. खाडीवरून खारी हवा येते, महामार्गावरून धूळ येते आणि दोन्ही रात्रीच्या दवात भिजून पत्र्यावर बसतात. ही गाडी मी कर्ज काढून घेतली, तिच्यातून आईला दवाखान्यात नेलं-आणलं. तिचा रंग खाऱ्या हवेनं खाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून थंडीतही डबा काढतो.

थंडीत या कामाचं सगळं वेळापत्रक बदलतं. सकाळी सातला गाडी ओली असते. रात्रभर उघड्या आभाळाखाली पत्रा हवेपेक्षाही गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्याच्यावर दव होऊन जमतं. त्या ओलीवर मेण फासलं तर पाणी आत कोंडतं. पुसून काढलं तरी दाराच्या फटीतून, आरशाच्या मागून ओघळ येतच राहतात. दुपारी उलट गत. बॉनेट उन्हात तापलं की मेण लावताक्षणी सुकतं आणि डाग धरतं. हाती उरतात दहा ते बारा, एवढे दोन तास. सावली हवी म्हणून आंब्याखाली गाडी उभी करावी, तर मोहराचे दिवस. तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो, तो निघता निघत नाही. मी घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत गाडी लावतो, तिथे या दोन तासांत ऊन पोचत नाही.

तोवर डबा अंगणातल्या उन्हात ठेवायचा, खोबरेलाच्या बाटलीशेजारी. ऊन नसेल तर कोमट पाण्याच्या घमेल्यात. चुलीजवळ मात्र कधीही नाही. डब्यात मेणाबरोबर टर्पेंटाइनसारखं उडून जाणारं द्रावण असतं आणि ते पेट घेतं. मेण लावायला मऊ व्हावं म्हणूनच ते घातलेलं असतं. पत्र्यावर थर दिला की द्रावण उडतं, मागे पांढुरकी साय राहते, ती पुसली की चकाकी येते. गारठ्यात हे उडणं फार सावकाश होतं. उन्हाळ्यात जे दहा मिनिटांत होतं, त्याला पौषात अर्धा तास लागतो, कधी जास्तही.

मागच्या वर्षी माझी इथेच चूक झाली. डबा थिजलेला, बोटाला गोळाच आला, तो तसाच जाड फासला आणि नेहमीच्या दहा मिनिटांनी पुसायला घेतला. मेण निघेना, नुसतं इकडून तिकडे सरकत राहिलं. संध्याकाळपर्यंत बॉनेटवर ढगाळ पट्टे होते आणि नंबरपाटीच्या कडेला पांढरा गाळ. तेव्हापासून नखभर मेण घेतो, ओलसर स्पंजवर पसरतो आणि एका वेळी एकच भाग करतो. थर इतका पातळ की तिरकं बघितल्याशिवाय दिसू नये.

पुसायची वेळ झाली का, हे घड्याळाला विचारत नाही. बोट हलकेच ओढून बघतो. बोटाखाली स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तर फडकं घ्यायचं. चिकट फराटा उमटला तर थांबायचं. याच दिवसांत शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी लागते, तिचंही असंच असतं. मडक्यात काय चाललंय ते दिसत नाही. पाण्याचा शिंतोडा मारायचा, तो चर्रकन उडून गेला की वाल शिजले.

माझा पुतण्या शेजारी उकिडवा बसलेला असतो. “काका, पुसू?” असं त्यानं परवा चारदा विचारलं. चौथ्यांदा मी त्याचंच बोट धरून दारावर ओढलं. रेघ उमटली. मग त्याला आजीच्या जुन्या लुगड्याचा धुऊन धुऊन मऊ झालेला तुकडा दिला.

या मेणाबद्दल त्याला एक गोष्ट सांगितली. चांगल्या डब्यातलं कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून येतं. तिथला उन्हाळा कडक, म्हणून झाड पानातलं पाणी राखायला वर मेणाचा लेप चढवतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, हे मात्र ८०च्या पुढे. परसातल्या अळवाच्या पानावरही बारीक मेणच असतं, म्हणून तर त्याच्यावर पाणी ठरत नाही. तो उठून अळवावर पाणी शिंपडायला गेला.

फडकं फिरवताना मला आजोबांचा बांध आठवतो. आमचा खारेपाट म्हणजे खाडीकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरकाठ्याचा बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी भातात शिरतं आणि दोन-तीन पावसाळे शेत हाताला लागत नाही. १९४८ साली खार जमिनींचा कायदा आला, सरकारी योजना आल्या. त्याआधी हे बांध शेतकऱ्यांच्या जोळानं, म्हणजे सगळ्यांनी मिळून, राखले, घरटी एक माणूस जायचा. आजोबा सांगत, बांधाचं काम भांगात करायचं, उधाणाला नाही. अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर कमी असतो, तेवढ्या दिवसांत चिखल चढवायचा. आधीचा थर आवळल्याशिवाय वर दुसरा टाकायचा नाही, नाहीतर दोन्ही घसरतात. आणि काम झाल्यावर पुढच्या भरतीला पुन्हा बांधावर चक्कर. खेकड्याचं एखादं बीळ राहिलं असेल तर पाणी तिथून झिरपतं आणि आपसूक जागा दाखवतं.

मेणानं सगळं भागतं असं नाही. जिथे रंगाचा टवका आधीच उडाला आहे, तिथला गंज ते थांबवत नाही. पत्र्याच्या आतल्या घड्यांत ते पोचत नाही. थर दीड-दोन महिन्यांत झिजतो. पुन्हा लावायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही गाडीपाशी गेलो. आदल्या दिवशी पत्र्यावर दवाचा सलग ओला पापुद्रा होता. आता टपभर सुटे थेंब उभे होते, मोहरीएवढे. पुतण्यानं दार लावलं तसे त्यातले काही घरंगळले. फक्त मागच्या चाकाच्या वर, कमानीजवळ, तळहाताएवढ्या जागेत पाणी पसरलेलं होतं. तिथे आमचा स्पंज फिरलाच नव्हता.

“काका, इथे राहिलं,” तो म्हणाला.

ती जागा आम्ही पुसून कोरडी केली आणि डबा पुन्हा उन्हात नेऊन ठेवला.