रडण्याची साक्ष

लहान मूल रडलं की आपण त्याला उगी करतो, पण ते जे सांगतंय ते खरं धरत नाही. सुई टोचताना तर नाहीच. ‘सगळीच मुलं रडतात’, ‘रडू दे, छाती मोकळी होते’, ‘मोठं झाल्यावर आठवणार आहे थोडंच’ ही वाक्यं आपण सहज बोलून जातो. या सगळ्यांमागे एकच समजूत आहे: ज्याला बोलता येत नाही, त्याचं दुखणं हिशेबात धरायचं नाही.

ही समजूत घरातल्या वडीलधाऱ्यांपुरती नव्हती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांवर शस्त्रक्रिया होत, त्या पुष्कळदा पुरेसं वेदनाशामक न देता. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध मिळे, म्हणजे त्याला रडताही येत नसे. त्याचे मज्जातंतू अजून कच्चे आहेत, एवढी वेदना त्याला जाणवत नाही, शिवाय भूल सोसणार नाही, असं धरून चाललेलं असे. ऑक्सफर्डमध्ये संशोधन करणारे भारतीय डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी हे तपासून पाहिलं. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर होणार होती, अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी काहींना त्यांनी नेहमीच्या औषधांच्या जोडीला फेंटानिल हे वेदनाशामक दिलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं कितीतरी अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त दिसली. १९८७ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि भूलतज्ज्ञांना आपली रीत बदलावी लागली. बाळं तर आधीपासूनच रडून सांगत होती. विश्वास बसला तो मात्र रक्ततपासणीच्या आकड्यांवर, आणि हे मला आजही अस्वस्थ करतं.

‘आठवणार आहे थोडंच’ याचं उत्तरही ‘लॅन्सेट’मध्येच १९९७ साली आलं. टोरोंटोच्या आना टाडिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार ते सहा महिन्यांचे मुलगे लस घेताना पाहिले. जन्मल्यावर भूल न देता ज्यांची सुंता झाली होती, ते सुंता न झालेल्यांपेक्षा जास्त कळवळत होते. सुंतेच्या वेळी ज्यांना बधिर करणारं मलम लावलं होतं, ते या दोहोंच्या मध्ये होते. म्हणजे महिने उलटल्यावरही आधीच्या वेदनेचा माग अंगात राहिला होता.

आपल्याकडे सरकारी वेळापत्रकाप्रमाणे दीड महिन्याच्या बाळाला तोंडातल्या थेंबांशिवाय एकाच दिवशी तीन सुया टोचल्या जातात. त्या टोचायलाच हव्यात. लसीबद्दल माझ्या मनात कणभरही शंका नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी बाळाला कमीत कमी त्रास व्हावा असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली यावर भूमिका मांडली, तिच्यातल्या बहुतेक सूचनांना पैसा लागत नाही. बाळाला आईने किंवा घरच्या माणसाने जवळ घ्यावं. टोचण्याआधी किंवा टोचताना अंगावर पाजावं. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का ते पाहत बसू नये, कारण त्याने सुई जास्त वेळ आत राहते. अनेक लसी असतील तर सर्वांत दुखणारी शेवटी द्यावी. तीन वर्षांवरच्या मुलाला आडवं पाडू नये, बसू द्यावं. आधीच पॅरासिटामॉल पाजण्याचा मात्र टोचण्याच्या वेदनेवर उपयोग नाही, असंही त्यात म्हटलं आहे.

उपकेंद्रात एकच नर्सबाई असते, बाहेर रांग असते, रजिस्टर भरायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मूल आईच्या मांडीवर असण्याने रांग लांबत नाही. उलट टेबलावर पाडून दोघांनी हातपाय दाबून धरलेलं मूल आणखी झटापट करतं आणि वेळ जातो तो तिथे.

बोलण्याकडे तर आपलं लक्षच नसतं. ‘दंगा केलास तर डॉक्टरांना सुई द्यायला सांगेन’ ही घरोघरची धमकी. महिनोन्‌महिने सुईला शिक्षा म्हणून दाखवायचं आणि मग दवाखान्याच्या दारात ‘काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल’ म्हणायचं, यातलं मुलाने कशावर विश्वास ठेवायचा? ‘डॉक्टर फक्त बघणार आहेत’ हे खोटं तर पाच मिनिटांत उघडं पडतं, आणि ते सांगितलेलं असतं आईने किंवा बाबांनी. चार वर्षांच्या मुलाला ‘टोचेल, थोडं दुखेल, मी तुला धरून बसणार आहे, डावा हात देतोस का उजवा?’ एवढं सरळ सांगता येतं. दुखणं त्यामुळे नाहीसं होत नाही, पण आपल्याला फसवलं गेलं नाही एवढं त्याला कळतं.

ज्यांची सुई संपतच नाही त्या मुलांचा विचार तर आणखी निकडीचा आहे. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, टाइप वन मधुमेहाच्या मुलाला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं, रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि त्यात पाठीच्या कण्यात सुई घालावी लागते. या मुलांना ‘आता सवय झाली असेल’ असं म्हणतात. अनेकांना सवय होत नाही, धास्ती वाढत जाते. शीर सापडत नाही म्हणून पुन्हा पुन्हा टोचलं की पुढच्या खेपेला रडणं दवाखान्याच्या फाटकापासून सुरू होतं. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचं बधिर करणारं मलम यांच्यासाठी उपलब्ध आहे. ते लावून साधारण तासभर थांबावं लागतं, म्हणून लसीकरणाच्या गर्दीत ते सगळ्यांना लावणं अवघड आहे. पण या मुलांच्या बाबतीत ती अडचण सांगता येणार नाही. सकाळी केसपेपर काढल्यापासून रक्त घ्यायला नाव पुकारेपर्यंत ती तासाहून जास्त वेळ बाकावर बसलेलीच असतात. मलम केसपेपरच्या खिडकीपाशीच लावायला सुरुवात करता येईल.