अक्षरांची साक्ष

एकही शब्द खोटा नसताना कागद खोटे बोलू शकतो काय? नीतिशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न मी पुष्कळदा विचारला आहे. परंतु त्याचे उत्तर देण्याची पाळी माझ्यावरच येईल, असे मला कधी वाटले नव्हते. ती पाळी आली एका जाहिरातीच्या निमित्ताने.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ येथे प्रवाशांसाठी तीन खोल्यांचे लहानसे निवासस्थान बांधले आहे. पावसाळ्यापूर्वी मुंबई-ठाण्याकडील लोकांस त्याची वार्ता कळावी, म्हणून भिंतीवर लावावयाची व दूरध्वनीच्या पडद्यावर फिरवावयाची चित्रे त्याने तयार करविली. मजकूर ठरला होता. प्रश्न राहिला होता तो ‘सूर्यमाळ’ ही चार अक्षरे कोणत्या वळणाची असावीत, एवढाच. त्याने चार नमुने माझ्यापुढे मांडले. तीन साधे होते. चौथ्यात मात्र प्रत्येक अक्षर वारली चित्रांतील माणसांनी रचलेले होते: टोकास टोक लावलेले दोन त्रिकोण, वर ठिपक्याएवढे डोके. शिरोरेषेवर बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या होत्या, आणि ‘ळ’ची वेटोळी म्हणजे तारप्याभोवतीचे नाचाचे कडे. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “वा! हाच घ्या.” माझा हा दोष प्रथमच नमूद करून ठेवतो.

मजकुराचे अक्षर आणि मथळ्याचे अक्षर यांचा धर्म निराळा आहे. जावजी दादाजींनी १८६४ साली टाईपचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना घातला, आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातून असे खिळे घडविले की वाचता वाचता वाचकास अक्षरांचा विसर पडावा. इंग्लंडात बीॲट्रिस वॉर्ड या बाईंनी १९३० साली व्याख्यानात हेच तत्त्व स्फटिकाच्या पेल्याच्या दृष्टांताने मांडले: पेला असा असावा की दिसावे ते पेय. मथळ्याच्या अक्षरास हा नियम लावून चालणार नाही. ते दिसण्यासाठीच जन्मास आलेले असते. बाजारातील भाजीवाली ज्याप्रमाणे आवाज चढविते, त्याप्रमाणे ते अंगाने जाड होते, पसरते, रंग लेते. त्यात अनीती ती कोणती? हाक मारणाऱ्यावर मोठ्याने बोलल्याचा आरोप कोणी करीत नाही. नाटकांची नावे रेखाटण्यात हयात घालविलेले कमल शेडगे २०२० साली वारले. त्यांच्या हातचे नाव वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दिसले की नाटक हसवणारे की रडवणारे, हे मजकूर न वाचताच कळत असे. ती हाक होती, आणि ती त्या एकाच नाटकाची होती. दुसऱ्या नाटकास ती उसनी देता आली नसती.

परंतु अक्षर कधी कधी हाकेपलीकडे जाऊन साक्ष देऊ लागते. ‘इकडे पाहा’ एवढे म्हणून न थांबता ‘येथे असे आहे’ असे ते सांगते. वारली माणसांनी रचलेले ते नाव हेच सांगत होते: येथे या, म्हणजे नाच, तारपा, सारवलेल्या भिंती आणि आनंदी भोळी माणसे तुमची वाट पाहत असलेली आढळतील. मजकुरात यांतले एक अक्षर नव्हते. असते, तर विद्यार्थ्यास ते सिद्ध करावे लागले असते. अक्षराच्या वळणाने केलेल्या विधानास मात्र खोडता येत नाही. कारण ते कोणी केलेलेच नसते. सारी गोम येथेच आहे.

मे महिन्यात मी सूर्यमाळास गेलो. घाटमाथ्यावरचा वारा खरोखर सुखाचा आहे. त्याविषयी जाहिरातीने काहीच अतिशयोक्ती केलेली नाही. पण ह्याच तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरणाचे पाणी अडवून ते मुंबईस नेले आहे, आणि पावसाळ्यात आभाळ फाटावे तसा पाऊस पडणाऱ्या ह्या तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यावा लागतो. नाचणी-वरईचे पीक निघाले की पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात. शिवाय तालुक्यात वारल्यांखेरीज ठाकूर, महादेव कोळी, कातकरीही राहतात. त्या सर्वांच्या अंगावर ही त्रिकोणी माणसे चढविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

निवासस्थानात स्वयंपाकास येणारी एक वारली बाई होती. तिला वाचता येत होते. मी नमुना तिच्यापुढे धरला व काय लिहिले आहे म्हणून विचारले. तिने कागद आडवा-उभा फिरवून पाहिला आणि मलाच विचारले, हे लग्न कोणाकडचे? ती थट्टा करीत होती की खरेच विचारीत होती, हे मला अद्याप सांगता येत नाही. पण प्रश्न अगदी बिनतोड होता. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढलेले हे चित्र मुळात लग्नघरचे. सुवासिनींनी चौक लिहावयाचा, त्यात पालघाट देवीची स्थापना व्हावयाची, आणि त्याशिवाय लग्न लागावयाचे नाही. चौक ‘लिहितात’ असेच तिकडे म्हणतात. लिपी नसलेल्या समाजाचे ते लिखाणच होते. १९७० नंतर ही चित्रे कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेली, त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली. ह्या सर्वांत मला काही वावगे दिसत नाही. तो त्यांचाच हात होता. आमच्या नमुन्यात मात्र त्या लिखाणाचे तुकडे करून त्यांनी आम्ही आमचे अक्षर लिहिले, आणि परिणाम असा झाला की जिचे ते लिखाण, तिलाच ते वाचता येईना.

परत आल्यावर विद्यार्थ्याशी माझा बराच वाद झाला. तो बुद्धिमान आहे. त्याने मला जर्मनीचे उदाहरण दिले: १९३३ नंतर तेथील राज्यकर्त्यांनी जुन्या टोकदार अक्षरास अस्सल जर्मन म्हणून डोक्यावर घेतले, आणि १९४१ च्या जानेवारीत त्यांनीच ते यहुदी ठरवून बंद केले. अक्षर तेच! “मग सर, वळणात अर्थ असतो कोठे? पाहणाऱ्याच्या मनात असतो.” मी म्हटले, अगदी मान्य. रूडॉल्फ कोख याने १९२३ साली रेखाटन न करता सरळ धातूत कोरलेले ‘नॉयलँड’ हे अक्षर आफ्रिकेसाठी नव्हते. पुढे जंगल आणि आफ्रिका दाखविण्यासाठी ते सर्रास वापरले गेले. १८८३ साली अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या कारखान्याने ‘चिनी’ म्हणून विकावयास काढलेल्या अक्षरात चिनी लिपीचा एकही अवयव नव्हता. अर्थ पाहणाऱ्याच्या मनात असतो हे खरे. पण तो तेथे आहे हे निवडणाऱ्यास ठाऊक असते, आणि म्हणूनच तो ते अक्षर निवडतो. दुसऱ्याच्या समजुतीवर आपण जाणूनबुजून टेकलो, तर ती समजूत आपली नव्हे असे आपणांस म्हणता येत नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने जे सांगितले त्याचे उत्तर मजपाशी नव्हते. खोल्यांवर कर्ज आहे. पावसाळ्याचे चार महिने हाच धंद्याचा काळ. साध्या अक्षराकडे कोणी वळून पाहणार नाही. आणि खोल्या रिकाम्या राहिल्या तर त्या स्वयंपाकाच्या बाईंचीही मजुरी बुडेल. मी सुचविले की चित्र हवेच असेल तर तिकडच्याच एखाद्या चित्रकाराकडून निराळे काढवावे, खाली त्याचे नाव छापावे, आणि नावाचे अक्षर बोरूच्या वळणाचे, ठसठशीत, काळ्यावर पांढरे असे घ्यावे. त्याने वहीत टिपून घेतले. चित्रकारास तीन आठवडे लागतील, आणि जून तर तोंडावर आला, एवढेच तो जाताना म्हणाला.

अखेर त्याने बोरूच्या वळणाचे अक्षर घेतले. चित्र पुढील वर्षी. त्यामुळे त्याचे गिऱ्हाईक किती घटले, हे मी विचारले नाही, व त्यानेही सांगितले नाही. माझ्या पहिल्या ‘वा’वर विसंबून त्याने जुन्या नमुन्याचे दोनशे कागद अगोदरच छापून घेतले होते. त्यांचे पैसे मी देऊ केले. ते त्याने घेतले नाहीत. कागद मात्र माझ्या कपाटात आहेत.