डांगीची प्रत आणि डांगीचा वंश

इगतपुरी तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्या पावसात भातखाचरांची चिखलणी करणारा डांगी बैल हे या घाटमाथ्याचे, तसेच कळसूबाईपलीकडच्या अकोल्याचे खास जनावर आहे. टणक काळे खूर आणि कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव यांच्या बळावर ते संततधारेत तग धरते. कानडी, महादेव कोळी, ठाकर अशा समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या वळू निवडत हा वंश घडवला. पॉवर टिलर खाचरात उतरल्यापासून बैलाचे काम घटले, दुधासाठी संकराला झुकते माप मिळाले, आणि त्यामुळे उत्तम डांगी वळूचे क्लोनिंग करून वंश राखावा, हा विचार मनात येणे स्वाभाविक ठरते.

क्लोन म्हणजे एकाच पूर्वजाची, लैंगिक संयोगाविना झालेली, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ तंतोतंत प्रत. त्यासाठी अंडपेशीतील केंद्रक काढून टाकतात, तिथे प्रौढ जनावराच्या कातडीसारख्या कायिक पेशीचे केंद्रक घालतात आणि तयार झालेला भ्रूण दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवतात. स्कॉटलंडमध्ये ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली मेंढी अशा २७७ जुळणींतून हाती आलेली एकमेव यशस्वी प्रत होती. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये जन्मलेले समरूपा हे म्हशीचे पारडू काही दिवसांतच दगावले; त्याच वर्षी जूनमध्ये गरिमा जन्मली, आणि १६ मार्च २०२३ रोजी त्याच संस्थेत गीर जातीची गंगा ही कालवड.

गंगेच्या जन्मात तीन जनावरांचा वाटा आहे: केंद्रक गीर गायीचे, अंडपेशी साहिवाल गायीची आणि गर्भाशय संकरित गायीचे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांना स्वतःची थोडी जनुके असतात आणि ती अंडपेशीबरोबर येतात. म्हणजे ‘तंतोतंत’ हा शब्द इथेच सैल पडतो. डांगीच्या बाबतीत तर ही गोष्ट डोळ्यांनाही दिसेल, कारण काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी गर्भातील रंगपेशींच्या स्थलांतरावरही अवलंबून असते, आणि एकाच वळूच्या दोन प्रती अंगावर वेगवेगळे ठिपके घेऊन जन्मू शकतात.

क्लोनिंगला ‘निसर्गाच्या कामात ढवळाढवळ’ म्हणून होणारा विरोध मात्र फारसा टिकत नाही. नाशिकच्या बागांतील थॉम्पसन सीडलेस द्राक्षाचा वेल कलमानेच वाढतो, म्हणजे तोही क्लोनच, आणि त्याबद्दल कोणाची नैतिक तक्रार ऐकू येत नाही. तक्रारीला खरी जागा आहे ती जनावराच्या वेदनेत. क्लोन केलेले बहुतेक भ्रूण गर्भाशयात टिकत नाहीत, गर्भपात होतात, वासरू कधी अवाजवी मोठे वाढून प्रसूती अवघड करते, आणि जन्मलेल्यांपैकी काही श्वसनाच्या दोषाने मरतात. हे सारे ज्या गायीच्या पोटात घडते तिचे नाव यशाच्या बातमीत क्वचितच येते.

दुसरा आक्षेप वंशाच्या रचनेतूनच निघतो. वंश म्हणजे एकमेकांपासून थोड्याथोड्या वेगळ्या असलेल्या शेकडो जनावरांचा साठा. त्यातल्या कोणाची प्रतिकारशक्ती उद्याच्या रोगाला पुरी पडेल हे आज सांगता येत नाही. प्रदर्शनात पहिला आलेला एक वळू शंभर वेळा छापला, तर संख्या वाढेल आणि हा साठा आटेल. गोठवलेल्या रेतामुळे मोजक्या वळूंचा वाटा आधीच फुगला असताना क्लोनिंग त्याच दिशेला आणखी वेग देईल. शिवाय तो वळू कोणी निवडायचा, आणि त्याच्या पेशींतून झालेल्या लाभात पिढीजात पाळणाऱ्याचा हिस्सा किती, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत.

म्हणून आजच्या स्थितीत वेगवेगळ्या गावांतील अनेक डांगी गायी-वळूंच्या कातडीच्या पेशी आणि रेतमात्रा उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवून ठेवणे, आणि प्रती काढण्याची घाई न करणे, हाच शहाणा मार्ग दिसतो. पेशी गोठून राहतील, पण डोंगरात चरणारे, पावसात उभे राहणारे कळप गोठवता येत नाहीत. ते टिकतील की नाही, हे २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला चराईचा सामूहिक हक्क पाळणाऱ्यांच्या वाड्यापाड्यांवर प्रत्यक्षात किती उतरतो आणि बैलाला शेतात काम उरते का, यावर अधिक अवलंबून आहे.