आंकड्यांचें चित्र आणि चित्रकाराचें दायित्व

आंकडे खोटें बोलत नाहींत, असें आपण नेहमीं म्हणतों. वस्तुतः आंकडे मुळींच बोलत नाहींत. त्यांस बोलविणारा कोणी तरी असावा लागतो. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं व्यापाराचे आंकडे रेषांनीं व पट्ट्यांनीं मांडून दाखविले. आतां संगणकाच्या पडद्यावर तें चित्र हलूं लागलें आहे. वाचक कळ दाबतो आणि वर्ष बदलतें, विभाग बदलतो, रंग बदलतात. अशीं चित्रें रचण्याची विद्या सांप्रत अनेक तरुण हौसेनें शिकत आहेत. त्यांच्यापुढें आम्ही एक प्रश्न ठेवूं इच्छितों: वाचकाच्या हातीं कळ दिली, म्हणजे रचनाकार जबाबदारींतून मुक्त झाला काय?

एक उदाहरण घेऊं. २०२० च्या साथींत मुंबई महानगरपालिका विभागवार रुग्णसंख्या प्रसिद्ध करीत असे. अंधेरी पूर्वेच्या के-पूर्व विभागाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेंत सुमारें ८ लाख २४ हजार होती. मुलुंडच्या टी विभागाची सुमारें ३ लाख ४१ हजार. समजा, दोहोंकडे प्रत्येकीं १,००० रुग्ण आहेत. नुसत्या संख्येवरून नकाशा रंगविला, तर दोन्ही विभाग सारखेच गडद दिसतील. दर लाखामागें मोजलें, तर अंधेरीस सुमारें १२१ आणि मुलुंडास सुमारें २९३ असे आंकडे येतात, व मुलुंडाचा रंग एकदम गडद होतो. यांत खोटें कोणतेंच नाहीं. रुग्णालयांत खाटा किती लागतील हें ठरविणारास पहिलें चित्र हवें. संसर्गाचा जोर कोठें अधिक, हें जाणूं इच्छिणारास दुसरें.

यावर कोणी म्हणेल, ‘दोन्ही चित्रें द्यावीं, वाचक हवें तें निवडील.’ हें उत्तर उदार दिसतें, पण पुरेसें नाहीं. लोकलच्या गर्दींत एका हातानें दांडी धरून दुसऱ्या हातांतील फोन पाहणारा मनुष्य बहुधा पहिलेंच चित्र पाहतो आणि पुढें जातो. त्या एका दृष्टिक्षेपावर तो भावाच्या घरीं जावें कीं न जावें, कामवाल्या बाईस येऊं द्यावें कीं न द्यावें, हें ठरवितो. त्या बाईच्या वस्तीचा रंग गडद निघाला, तर तिची मजुरी बुडते. आणि तिनें तर ती कळ कधीं पाहिलेलीही नसते.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनीं १९९६ सालीं सांगितलेला क्रम प्रसिद्ध आहे: आधीं समग्र दर्शन, मग जवळून पाहणें व निवड, आणि मागितल्यावर तपशील. हा क्रम केवळ सोयीचा म्हणून शिकविला जातो; आमच्या मतें तो नीतीचाही आहे. जें प्रथम दिसतें, तेंच बहुतेकांचें मत बनतें. म्हणून वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होतें, किंवा पट्टी ९० पासून सुरू केल्यास ९६ हा आंकडा ९२ च्या तिप्पट भासतो, हें ज्ञान केवळ कारागिरीचें नव्हे.

तर मग निःपक्षपाती चित्र असूंच शकत नाहीं काय? नाहींच. प्रत्येक पहिलें चित्र हें एक मत असतें. परंतु मत असणें हा दोष नसून, तें लपविणें हा दोष आहे. आपण काय मोजलें, कशानें भागलें, भाजक २०११ चा कीं नंतरच्या अंदाजाचा, हें चित्राच्या दर्शनी भागींच लिहावें. कळीआड दडवूं नये. कळांची गर्दी करून निर्णय वाचकावर ढकलणें म्हणजे त्यास स्वातंत्र्य देणें नव्हे.

रचनाकारानें स्वतःस एवढेंच विचारावें: त्या गडद रंगांत आपलें स्वतःचें घर असतें, तरीही हेंच चित्र आपण पहिलें ठेविलें असतें काय?