संयमावांचून औषध

सारक वाजवीपेक्षां अधिक घेतलें तर हानि होते ती घेणाऱ्याची. प्रतिजैविकांची गोष्ट निराळी आहे. साध्या पडशावर कोणीं तीं विनाकारण घेतलीं, तर त्याच्या शरीरांतील दुर्बळ जंतु मरतात, दांडगे उरतात, आणि पुढें शेजाऱ्याच्या घरीं जातात. पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं, नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच, अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतात असा इशारा दिला होता. तो ऐकला कोणीं? २०१९ या एका वर्षीं अशा जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज आहे.

अशा वेळीं एका जुन्याच शोधाकडे वैद्यकाचें लक्ष पुन्हां वळलें आहे. म्यूनिक येथील प्राध्यापक टॅपायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब यानें १९०० सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याच्या सौम्य द्रावणांतील सूक्ष्म जीव उजेडांत लवकर मरतात, अंधारांत तसे मरत नाहींत, असें त्यास दिसलें होतें. रंगाचा रेणु प्रकाश शोषतो, ती शक्ति जवळच्या प्राणवायूस देतो, आणि तो प्राणवायु इतका उग्र बनतो कीं जंतूचें आवरण, प्रथिनें, आनुवंशिक द्रव्य, जें सांपडेल तें जाळीत सुटतो. प्रतिजैविक बहुधा एखाद्याच मर्मावर नेम धरतें. तें मर्म बदललें कीं बाण वायां. येथें चहूंकडून आगच लागते, व तिच्याविरुद्ध चिलखत घडविणें जंतूस फार अवघड. कॅनडांत व्हँकूव्हर येथें शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याच्या नाकांत मेथिलीन ब्लू लावून तांबड्या प्रकाशानें तेथील जंतु मारण्याची रीत रुग्णालयांत अंमलांतहि आली.

संयम न पाळणाऱ्या समाजास संयमाची गरजच नसलेलें औषध देणें म्हणजे दुर्गुणास बक्षीस देणें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें मान्य नाहीं. निर्ढावलेला जंतु ज्यास गांठतो तो बहुधा अपराधी नसतोच. बाळंतीण, भाजलेला मजूर, दोन दिवसांचें मूल, यांनीं कोणत्या गोळ्या उधळल्या? आणि तापानें फणफणलेलें मूल मांडीवर असतां आईनें जगाच्या हिताचा हिशेब करावा, ही अपेक्षाच मुळीं कठोर आहे.

मात्र प्रकाश मांसांतून थोडकेच मिलिमीटर पार जातो. भाजलेली कातडी, चिघळलेला व्रण, हिरड्या, नाकपुड्या, येथवर त्याचें राज्य. रक्तांत भिनलेल्या जंतूंपर्यंत तो पोंचत नाहीं. तेथें भिस्त अजून गोळ्या व सुया यांवरच आहे, आणि संयमहि तेथें सुटत नाहीं. म्हणून दिव्यानें भागतें तेथें प्रतिजैविक खर्चूं नये; आणि दिवा, रंग व तो धरणारा माणूस यांचा खर्च अधिक आला, तर तो एकट्या रोग्यावर न टाकतां रुग्णालयानें सोसावा. वांचलेली मात्रा कांहीं त्या रोग्याच्या एकट्याच्या उपयोगी पडणार नाहीं.