पिवळी प्लेट, पांढरी प्लेट

मुरबाडचा माझा मामा वीस वर्षं भाड्याची गाडी चालवतोय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, लायसन्स काढून दोनच वर्षं झाली. दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या. त्याची नंबरप्लेट पिवळी, माझी पांढरी. त्याची गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जात नाही. माझी कुठवर जाते, ते मी एकदा पाहिलं.

तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस होते. इगतपुरीला लग्न होतं, म्हणून आम्ही शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. रस्ता मोकळा होता, काटा १४० वर गेला. गाडीतली घंटी थांबेना, तेव्हा मी गाण्यांचा आवाज वाढवला. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या गाडीला कुलूप घातलंय, तुझ्या का नाही? तू माझ्यापेक्षा चांगला चालवतोस काय?"

मला उत्तर देता आलं नाही.

भाड्याच्या वाहनांना वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर लागतो. खाजगी मोटारींना १ जुलै २०१९ पासून नुसती घंटी आहे: ८० नंतर अधूनमधून, १२० नंतर सतत. समृद्धीवर मोटारींना जास्तीत जास्त १२० ची परवानगी आहे. तरी कारखान्यातून निघणाऱ्या कितीतरी गाड्या १६०-१८० सहज गाठतात. जो वेग कायद्याने वापरताच येत नाही, तो आपल्याला विकला जातो आणि आपण हौसेने विकत घेतो.

त्या वेगातून मिळतं काय? इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सगळा रस्ता १२० ने कापला तर ३८ मिनिटं लागतात. १४० ने गेलात तर साडेपाच मिनिटं वाचतात. पण आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती ३६ टक्के जास्त होते. साडेपाच मिनिटांसाठी हा सौदा मी केला, आणि शेजारी बसलेल्या मामाला विचारलंही नाही.

कोणी म्हणेल, मामा पैसे घेऊन माणसं नेतो, त्याची जबाबदारी मोठी. खरंय. पण पुढच्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेल्या पोरांनी तरी मला कुठे निवडलं होतं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शहापूर-मुरबाड रस्त्यावर किंवा म्हसा यात्रेच्या गर्दीत माणूस ६० च्या वेगानेही मरतो. तिथे १२० चं कुलूप काही कामाचं नाही. मग रस्ता ओळखून वेग ठरवणारी गाडी बनवावी का? युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे, पण चालक ती बंद करू शकतो. कोड लिहिणारा म्हणून मला तिची धास्तीही कळते: नकाशाने महामार्गाऐवजी खालचा सर्व्हिस रोड धरला आणि गाडी भर रस्त्यात मंदावली तर? म्हणून मला साधं, ठरलेलं कुलूप बरं वाटतं. व्होल्वोने २०२० पासून स्वतःहून १८० वर ते घातलंय. आपल्याकडे १२० वर का नसावं? मुरबाडचा रस्ता त्याने सुरक्षित होणार नाही, समृद्धी थोडी होईल.

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा. आमच्या ऑफिसात सगळ्यात हुशार माणसालाही चालू सिस्टिममध्ये थेट कोड टाकता येत नाही. आधी दुसरा कोणीतरी तो तपासतो. यात कोणाला अपमान वाटत नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा आहे. मामाला टोचतं ते कुलूप नाही. ते फक्त पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला आहे, हे टोचतं. मालक असला की भरवसा, ड्रायव्हर असला की संशय. कुलूप हा अपमान असेल, तर त्याच्याही गाडीचं काढा. काढा म्हणायची माझी तयारी नाही, म्हणजे माझ्याही गाडीला ते हवं.

परतीला गाडी मामाला दिली. आता कुलूप नव्हतं. तरी तो शहापूरपर्यंत ८० नेच आला आणि घंटी एकदाही वाजली नाही.